विनंती नव्हे, हक्क

कुंदामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाचा नमुना तपासत होते. फोनवर तिची मुलगी सुजाता होती. सांगता सांगता मधेच म्हणाली, "सकाळीच नर्सशी भांडली गं, चहात साखर का न्हाई म्हणून..." आणि आम्ही दोघी रडता रडता हसलो. त्याला आता दीड महिना झाला.

मावशी माझ्या नात्यातली नव्हे. टेंभुर्णीत आमच्याच गल्लीत राहणारी, जाफराबादच्या कोर्टात वकिली करणारी आईची मैत्रीण. स्कूटरवरून जाताना दिसेल त्याला खणखणीत 'जयभीम' घालायची. हॉर्न वाजवायची तिला गरजच पडत नसे.

काही वर्षांपूर्वी मी एका खासगी विद्यापीठात साखर तंत्रज्ञान शिकत होते. वर्गात मुली तिघीच. शेवटच्या वर्षी मुलांना कारखान्यात प्रशिक्षणाला पाठवलं आणि आम्हाला सांगितलं, मुलींनी ग्रंथालयात बसून प्रकल्प लिहावा. प्रशिक्षणाच्या दाखल्याशिवाय केमिस्ट म्हणून कोण दारात उभं करणार? विभागप्रमुखांना विचारलं तर म्हणाले, "हे खासगी विद्यापीठ आहे. सरकारी नियम इथं सांगू नका."

रडतच मावशीकडे गेले. तिने सगळं ऐकलं आणि चक्क टाळी वाजवली. "असं म्हणाला? मंग तर काम सोपं झालं!" विद्यापीठ खासगी असलं तरी कायद्यानेच उभं असतं, तिने समजावलं. विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी समिती त्यालाही नेमावी लागते, मुलगी म्हणून डावललं तर तिथे दाद मागता येते, आणि समितीने ऐकलं नाही तर विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठीच नेमलेल्या लोकपालाकडे जाता येतं. आम्ही तिघींनी लिहिलेल्या अर्जातलं 'नम्र विनंती' तिने लाल पेनाने खोडलं. "हक्क मागून राह्यलात पोरींनो, शेजारणीकडं वाटीभर साखर न्हाई!"

सुनावणीला ती आमच्यासोबत आली, पण आत आली नाही. "तक्रार तुमची, बोलायचं तुम्ही." आत मुलींच्या सुरक्षिततेचा विषय निघाला.  मी म्हणाले, "सर, जागा सुरक्षित नसेल तर ती सुरक्षित करा. आम्हाला कशाला घरी बसवता?" समितीने तक्रार फेटाळली. मी पार खचले. मावशीने आम्हाला जवळच्या हॉटेलात गरम भजी खाऊ घातली आणि तिथेच, तेलकट टेबल पुसून, लोकपालाकडचं अपील लिहायला बसवलं.

लोकपालांनी विद्यापीठाला एवढंच विचारलं, "मुली नकोत असं कारखान्याने कळवलंय का?" कुणी कळवलं नव्हतं... कारखान्याला कुणी विचारलंच नव्हतं! हंगाम संपायच्या आत तिघींना प्रशिक्षणाला पाठवा, असा निर्णय झाला. पहिल्या दिवशी मावशी आम्हाला सोडायला अंकुशनगरच्या कारखान्यापर्यंत आली. कारखान्याने मला दिलेलं हेल्मेट स्वतःच्या डोक्यावर चढवून म्हणाली, "फोटो काढ. वकिली सोडून हेच करायला पाहिजे होतं मी!"

मावशी रविवारी सकाळी ज्या बाहेरच्या खोलीत मुलींच्या तक्रारी ऐकायची, ती सुजाता अजून त्या वेळी उघडी ठेवते. तिथे एकच फिरती खुर्ची आहे. मावशी कधी तिच्यात बसली नाही. आलेल्या मुलीला तिच्यात बसवायची आणि स्वतः समोर स्टूल ओढायची. "साहेबासारखं टेकून बस, मंग सांग." गेल्या रविवारी मी तिथे असताना हसनाबादची एक मुलगी आली, घडी घातलेला कागद मुठीत धरून. मावशी गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं. ऐकून ती परत निघाली... मी खुर्ची तिच्याकडे वळवली आणि स्टूल ओढून बसले.