ए ग्रुपची पोर

आमच्या थेरगावच्या चाळीत दौलतरावांइतका काटेकोर माणूस नाही. लातूरकडून आले, आणि चाकणच्या एका कंपनीत एकोणीस वर्षं तयार माल तपासतायत. चांगल्या नगाला हिरवा 'ए' स्टिकर, खोट निघाली की पिवळा 'बी'. मंडईत टोमॅटोसुद्धा असेच उलटून पालटून घेतात.

त्यांची विजयश्री दहावीला ब्याऐंशी टक्क्यांनी पास झाली. तिला नर्स व्हायचं होतं. चाळीत कुणाला ताप आला की थर्मामीटर घेऊन ही आधी हजर. अकरावी सायन्सच्या प्रवेशाच्या दिवशी मात्र तीच तापानं फणफणली होती, म्हणून तिनं वडिलांच्या हाती चिठ्ठी दिली: बी ग्रुप. म्हणजे गणिताऐवजी जीवशास्त्र. एवढं काही तिनं लिहिलं नाही; बापाला माहीत असेल असं तिला वाटलं.

कॉलेजच्या खिडकीपाशी दौलतरावांनी फॉर्म पाहिला. ए ग्रुप, बी ग्रुप. त्यांना भरून आलं. आपली परिस्थिती बघून पोरीनं कमी प्रतीचं पत्करलं, असं या शहाण्याला वाटलं. त्यांनी 'ए'वर खूण केली आणि येताना पेढे आणले.

विजयश्रीनं पावती पाहिली आणि ती भिंतीकडे तोंड करून रडली. विषय आठ दिवसांत बदलून मिळत होता. मी स्वतः त्यांना सांगायला गेलो. पण तोवर कंपनीत लाइनवर पेढे वाटून झाले होते, सुपरवायझरनं पाठ थोपटली होती.

"सगळ्यांना ए सांगून बसलो. आता बी कुठल्या तोंडानं सांगू, राव?" ते म्हणाले.

तोंड महत्त्वाचं, पोर नाही. आठ दिवस गेले.

गणिताशी तिचं कधीच जमलं नव्हतं. बारावीला त्यातच ती दोनदा नापास झाली. नर्सिंगच्या डिग्रीचं दार तर जीवशास्त्र सुटलं तेव्हाच बंद झालं होतं, आता बारावीअभावी डिप्लोमाचंही झालं. शेवटी दौलतरावांनीच शब्द टाकून तिला कंपनीत कंत्राटावर चिकटवलं, आपल्या शेजारच्याच टेबलावर.

परवा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तिला विचारलं, काम जमतंय ना.

"जमतंय, बाबा," ती म्हणाली. "चुकीचा स्टिकर लागला तर मी लगेच काढते."

हे त्यांनीच मला सांगितलं, डोळे पुसत. मला त्यांची कीव आली नाही.