गुलाबबी आणि चोर पकडणारं सूप

आमच्या लोणी भापकरच्या घरात चोर पकडायचं काम सुपाकडं होतं. इंग्रज सरकारचे पोलीस पार बारामतीला. सूप आपलं घरचंच!

मी नवी नवरी होते, तेव्हा सासूबाईंची मोत्यांची नथ गायब झाली. त्या सकाळी घरात परकं माणूस एकच आलं होतं, बांगड्या भरणारी गुलाबबी. डोक्यावर पाटी घेऊन ती गावोगाव फिरायची. तिनं हात दाबला की घट्टातली घट्ट बांगडी सर्रकन आत जायची, अन् दुखायचंही नाही.

"जादू हाय तिच्या हातात," सासूबाईंनी निकाल दिला. "नथ बी तशीच सर्रकन गेली!"

गुलाबबीला परत बोलावून ओट्यावर एकटीला बसवलं. सूप तिच्या नावाला फिरलं, तर गावात पुन्हा पाऊल टाकायचं नाही, असं ठरलं.

"मंग खाऊ काय मी?" ती म्हणाली. "पोटावर पाय का देता, बाई?"

मला तर रडूच येत होतं. बाई इतकी मायाळू होती!

मोरगावहून देवऋषी आला. त्यानं सुपाच्या कडेत कात्री खोचली. कात्रीची एक कडी माझ्या बोटावर, दुसरी धाकट्या नणंदेच्या, चंपाच्या बोटावर. मधे सूप लोंबकळतंय!

"सूनबाई, एकेकाचं नाव घ्या. चोराच्या नावाला सूप फिरंल."

नाव घ्या म्हणे! सासऱ्यांचं घ्यायचं नाही, सासूबाईंचं नाही, थोरल्या दिरांचं नाही, नवऱ्याचं तर (देवा रे!) मुळीच नाही. चंपा सूप धरून, म्हणजे ती सुटली. सुनेनं उघड घेता येईल असं नाव उरलं एकच, गुलाबबीचं!

"घ्या की," देवऋषी खेकसला.

"थांब पोरी!" ओट्यावरनं गुलाबबी कडाडली. "आदी नवऱ्याचं घे. उखाण्यात चालतं न्हवं तुमच्यात?"

उखाण्याला नाही कोण म्हणणार? मी डोळे मिटले अन् सुचेल ते जुळवलं.

"सुपात न्हाईत दाणे, कात्रीला न्हाई धार,
दत्तूरावांचं नाव घेते, देवा, उघड दार!"

लाजेनं माझं बोट लटपटलं, अन् सूप गर्रकन फिरलं!

"सांगतो, सांगतो!" दारातनं हे ओरडले. घामाघूम झाले होते बिचारे. "थांबवा ते सूप! आई, मीच नेली नथ. सोनाराकडं हाय, नमुन्याला. हिनं हट्ट धरला हुता, 'मला बी तश्शीच पायजे' म्हून!"

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. इतका वेळ गुलाबबीकडं बघत होते ना, अगदी त्याच नजरेनं!

"म्हंजी चोराची मालकीण ही व्हय!" सासूबाई म्हणाल्या.

गुलाबबीनं जरा सरकून ओट्यावर जागा केली.

"ये सूनबाई, बस. बोलत बसू. हितं दुसरं कुणी येत न्हाय."

अन् घरातला चोर शोधून काढणारी मी, मुकाट्यानं जाऊन तिच्याशेजारी बसले.