साहेबांच्या टेबलावरचा चहा

माझ्या हातून आयुष्यात मूर्खपणा पुष्कळ घडला; पण ज्याला अजून आल्याच्या चहाचा वास येतो, असा एकच. सहा वर्षांपूर्वी, माघातल्या एका निवळशंख दुपारी, नांदेडच्या वीज कार्यालयातल्या साहेबांच्या टेबलावर मी माझ्या मेलेल्या भावाचा अर्ज ठेवला आणि त्याची पोच न घेता, पदर सावरत, मोठ्या समाधानाने बाहेर पडले.

अर्ज कसला, रेघी वहीचं फाडलेलं पान. त्यावर दत्ताचं, माझ्या धाकट्या भावाचं, उजवीकडे कललेलं अक्षर: शेतावरची तार लोंबते आहे, ज्वारी वाढली की कणसांना टेकेल, कृपया ओढून घ्यावी. खाली कार्यालयाचा जांभळा गोल शिक्का; एक प्रत त्यांच्याकडे, ही शिक्क्याची दत्ताकडे. श्रावणात तो शिक्का पडला. ज्वारी निघाली, हरभरा आला, तार तशीच राहिली. आणि पौषातल्या कोवळ्या उन्हात, हरभऱ्याच्या आंबेचा आंबट वास हवेत दाटलेला असताना, कंधारजवळच्या त्या शेतात दत्ताने पाण्याचा लोखंडी पाइप खांद्यावर घेण्यासाठी उभा केला.

तेव्हाची मी म्हणजे काय वर्णावी! लातूरच्या शाळेतून नुकतीच निवृत्त झालेली मराठीची बाई. आपल्या शुद्ध बोलण्यापुढे कुठलंही कार्यालय विरघळेल, अशी ठाम समजूत. झेरॉक्स काढायला गेले तर दुकानातली वीज गेलेली, तरी शहाणीला थांबावंसं वाटलं नाही. साहेबांनी विचारलं, "माहेर कुठलं म्हणालात, आक्का?" मी गाव सांगताच ते खुर्चीतून अर्धे उठले. "अहो, मग तुम्ही आमच्या शिवेवरच्याच की! माझं आजोळ तिथलं." झालं! चहा आला, आलं ठेचून घातलेला, आणि त्याच्या वाफेत माझी सगळी अक्कल विरून गेली. त्यांनी मूळ कागद मागितला, मी दिला. पोच? माहेरच्या माणसाकडे पोच मागायची म्हणजे जेवायला आलेल्या व्याह्याला दारात ओळखपत्र विचारण्यासारखं!

पुढे साहेबांची बदली झाली आणि अहवाल आला: पूर्वतक्रार आढळून येत नाही, मृत्यू मयताच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. पाऊसकाळातच पुढच्या कणसांची काळजी वाहणारा माझा भाऊ निष्काळजी! त्या एका शब्दापायी मी सहा वर्षं लातूर-नांदेड एसटीच्या खिडक्या झिजवल्या. आता तर दूधवाल्याकडूनही पोच मागायची माझी तयारी आहे. अखेर फेरचौकशी लागली आणि पत्र आलं: जबाबासाठी हजर राहावे.

जबाबात खरं लिहायचं, तर मूळ कागद मी स्वतः, पोच न घेता दिला, हे सांगणं आलं. आणि तेही सुलोचनाच्या, दत्ताच्या बायकोच्या, शेजारी बसून. तिला मी इतकी वर्षं 'कागद कार्यालयाने हरवला' एवढंच सांगत आले होते. ते खोटं नव्हतं. पण डोक्यावरून पदर ओढून घेतलेलं, अर्धाच चेहरा दाखवणारं खरं होतं.

जबाबाच्या सकाळी आम्ही दोघी कंधारहून बसने निघालो. पुन्हा पौषच. धुक्यातून खांब येत होते, जात होते. दोन खांबांमध्ये तार खाली झुके, पुन्हा वर चढे. ही माझ्याशी पुन्हा बोलेल का? आणि बोलली नाही, तर तो 'निष्काळजी' शब्द खोडण्याचा मला कुठला अधिकार उरेल? ज्यांच्याकडे मी सहा वर्षं कबुली मागत होते, त्यांच्याइतकीच मीही ती दडवून बसले होते, हे त्या धुक्यात मला जरा उशिराच दिसलं. नांदेडच्या वेशीवरची विष्णुपुरी मागे पडली तेव्हा एका दमात सगळं सांगून टाकलं. शिवेवरचे साहेब, झेरॉक्सचं दुकान, सगळं.

सुलोचना मांडीवरच्या हरभऱ्याच्या डहाळ्याचे घाटे सोलत होती. तिची बोटं थांबली नाहीत. चार हिरवे दाणे तिने माझ्या तळहातावर ठेवले आणि खिडकीबाहेर बघतच म्हणाली,

"मला ठावं हाय, आक्का. त्या सांजी तुम्ही घरी आलाव, तवाच म्या इचारलं व्हतं, पोच कुठं हाय? तर तुम्ही चहाचंच सांगत बसलाव. म्या काय ते वळखलं. तुम्ही कवा सांगताव, वाट बघून राहिले. आता तिथं बी समदं सांगा. कागद आलाच न्हाई म्हनतेत ना? मग चहा सांगा, तिथं गेल्याबिगर त्यो कुनाला ठावं असंल? चहात आलं व्हतं, ते बी सांगा."