ओला पाला

“कोणी घातला हा पाला? मी विचारतेय, कोणी घातला?”

“मी घातला. त्यात एवढं केकाटायला काय झालं?”

“पाणी मारून घातलास?”

“मग! संध्याकाळपर्यंत ताजा नको राहायला? तुला लग्नाला मोकळं करावं म्हणून पहाटेपासून मरमर केली, ताई. आता चल, गाडी खोळंबलीय.”

रेशीमवाली आत्या जागची हलली नाही. अंगावर लग्नासाठी काढलेली चांगली साडी होती, पदर कमरेला खोचलेला. या धाकट्या भावाच्याच मुलीचं लग्न, आणि ही मुलगी आत्याच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. निघता निघता एकदा मागच्या खोलीत डोकवावं म्हणून ती गेली, तर दारातच थबकली. आत आवाज नव्हता. शेवटच्या वयातले रेशमाचे किडे पाला खायला लागले की सुक्या कागदावर नखं ओढल्यासारखी खोली कुरकुरत असते. आज सगळं चिडीचूप.

भावानं प्रत्येक ट्रेवर वीतभर पाला रचला होता. खालचे किडे ओल्या ओझ्याखाली दबलेले, वरचे सुस्त. ओल्या पाल्यानं त्यांना जुलाब लागतात, आणि एकाला लागले की खोलीभर पसरतात. म्हणून आत्या दव पडलेलं पानसुद्धा फडक्यानं पुसून घालते. भावाला हे ठाऊक नव्हतं, असं कसं म्हणावं? इतकी वर्षं एकाच घरात राहतोय. पण खोलीत कधी पाऊल टाकलं असेल तर शपथ.

आत्या काही किड्यांसाठी आसवं गाळणारी बाई नव्हे. कोष तयार झाले की स्वतःच्या हातानं उकळत्या पाण्यात सोडते आणि सोडताना शेजारणीशी गप्पाही मारते. भावानं नेमकं तिथंच बोट ठेवलं.

“पुढच्या आठवड्यात तूच उकळणार ना त्यांना? मग आज ही कसली माया? एक दिवस कमीजास्त झालं तर कुठं बिघडलं?”

आत्यानं दाराजवळच्या ट्रेवरची ओली पानं मुठीत उचलून खाली आपटली.

“उकळीन! मीच उकळीन, आणि तुझ्या तोंडावर सांगून उकळीन. पण तोवर त्यांचं पोट माझ्या हातात आहे. रानातली अळी भूक लागली तर दुसऱ्या झाडावर जाते. हे जातात का? हातभर लांब पाला ठेवला तरी उपाशी बसून राहतील. पिढ्यान्‌पिढ्या आपल्यासारख्यांनीच यांना असं पांगळं करून ठेवलंय, आपल्या अंगावर रेशीम यावं म्हणून. आणि वर तू म्हणतोस, कुठं बिघडलं!”

“अगं, किडे आहेत ते!”

“म्हणूनच तुला जमलं. बैलावर असा भारा टाकला असतास तर शिंगावर घेतलं असतं त्यानं.”

गाडीचा हॉर्न वाजला. मग नवरी स्वतःच उतरून आली. नटलेली, अंगाला अत्तराचा घमघमाट. दाराशी चुन्याची पाटी होती, रोगराई आत जाऊ नये म्हणून पाय बुडवून आत जायची. तिनं पाऊल उचललं तशी आत्या ओरडली, “तिथंच थांब! अत्तर आहे अंगाला. वास सोसत नाही त्यांना.”

नवरीचा चेहरा उतरला. “माझ्यापेक्षा किडे मोठे झाले, आत्या?”

“मोठे नाहीत गं. अडकलेत.” आत्याचा आवाज खाली आला, राग मात्र तसाच होता. “तू सासरी गेलीस आणि ताट वाढलं नाही कोणी, तर भांडशील. भांडायचंच, मी शिकवलंय तुला. यांना तोंड फक्त खायला दिलंय. जा तू. आणि तुझ्या बापाला सांग, पुन्हा माझ्यावर उपकार करू नकोस म्हणावं.”

“आणि तू?”

“उरकलं तर येईन. नाही उरकलं तर नाही.”

नवरी उंबऱ्याबाहेरूनच वाकली. आत्याचे हात ओल्या पाल्यानं बरबटलेले, तिला पोटाशी धरता येईना. आत्यानं नुसती मान हलवली. भाऊ “बायकांना काय सांगायचं” असं पुटपुटत निघाला, तशी मागून आली आरोळी: “जाताना पाला पसरायला कोरडी पोती टाकून जा इकडे! आणि आडवी टाक, उभी नको!”

त्यानं टाकली. आडवी.

गाडी गेल्यावर आत्यानं चांगली साडी फेडून खुंटीवर टाकली, जुनं लुगडं गुंडाळलं, चुन्यात पाय बुडवले. पहिल्या ट्रेवरचा थर दोन्ही हातांनी अलगद उचलला. खाली दबलेल्यांत काही काळे पडले होते, ते वेगळ्या डब्यात टाकले. एकाला तिनं बोटानं हळूच टोचलं. त्यानं डोकं वर केलं.

“जिवंत आहेस ना, मग खा की मेल्या,” म्हणत तिनं कोरडं पान पुन्हा एकदा लुगड्याच्या काठाला पुसलं, त्याच्यापुढं ठेवलं आणि दुसरा ट्रे ओढला.