शालिकरामचा सोफा

नंदनवन वस्तीत शालिकराम गभणे यांचं बिछायत केंद्र आहे. मांडव, गाद्या, खुर्च्या तर कोणीही देतो. शालिकरामची ख्याती वेगळीच. कुठल्या आत्याला कुठल्या मामीपासून किती लांब बसवायचं आणि रुसलेल्या जावयाची खुर्ची पंख्याखाली कशी सरकवायची, हे तीस वर्षं लग्नं उरकून त्यांना पाठ झालं होतं. मागच्या हिवाळ्यात शहरात भरलेल्या जागतिक जंगल परिषदेच्या मंडपाचं काम मिळालं, तेव्हा त्यांना वाटलं, बसवायची माणसं जरा मोठी, एवढंच.

माणसं दोन होती. डोंगराळ देशाचे ताडमाड अध्यक्ष आणि बेटांच्या देशाचे ठेंगणे पंतप्रधान. देश एकमेकांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे मित्र, एकाच्या सीमेवर गोळी सुटली तर दुसऱ्यानं धावून जायचं असा करार. पण वर्षापूर्वी एका बैठकीत पंतप्रधानांचे पाय जमिनीला टेकेनात, आणि माईक चालू आहे हे विसरून अध्यक्ष म्हणाले, "यांच्या पायाखाली पाट द्या कोणी तरी." तेव्हापासून अबोला.

"रुसू द्या ना," शालिकराम म्हणाले. "त्यात एवढं काहून घाबरून राहिले तुम्ही?"

शिष्टाचाराचं काम बघणाऱ्या वेदिका मॅडम पुण्याच्या होत्या. कपाळाला हात लावून म्हणाल्या, "काका, हे बोलत नाहीत म्हणून यांचे अधिकारी बोलत नाहीत. औषधांच्या जहाजांचा करार आठ महिने सहीवाचून पडलाय. मोठ्या मुश्किलीनं दोघांना एका व्यासपीठावर आणतोय आम्ही. दोन्ही खुर्च्या अगदी सारख्या हव्यात."

"समजलं. व्याही रुसले का पहिले पंगत अडते."

संध्याकाळी अध्यक्षांचा माणूस गुपचूप आला. मोडक्या हिंदीत म्हणाला, आमच्या साहेबांची खुर्ची दोन इंच उंच करा. तासाभरानं पंतप्रधानांचा माणूस आला. त्याला तीन इंच हवे होते. शालिकरामनी दोघांनाही "हो जायेगा साब" म्हणून चहा पाजला.

घरी बायकोनं, शामलाबाईंनी ऐकलं आणि पोळी तव्यावरच राहिली. "अवो, मंग उंच कोणाची करता?"

"कोणाचीच नाही. खुर्च्याच ठेवत नाही मी."

सकाळी व्यासपीठावर नवरा-नवरीचा लाल मखमली सोफा. वेदिका मॅडमचा चेहरा पांढरा पडला. "काका, खुर्च्या?"

"पाय हलून राहिले होते मॅडम, नेल्या परत. अन् एका सोफ्यावर कोण उंच, कोण बुटका? बैठक तं एकच."

दुसरं काही आणायला वेळ नव्हता. गाड्या फाटकात आल्या होत्या. मधली स्प्रिंग दोनशे जोडप्यांनी बसून बसून खचवलीय, हे मात्र शालिकरामनी सांगितलं नाही.

दोघे दोन टोकांना, तोंडं फिरवून बसले. स्वागताचं भाषण लांबलं. अध्यक्ष जरा हलले की सोफा त्यांना वीतभर आत ओढी. पंतप्रधानांनी बैठक सावरली की तेही घसरत. तिसऱ्या भाषणाला खांद्याला खांदा लागला. अध्यक्ष तटकन उठायला गेले आणि धपकन खड्ड्यात बसले, गुडघे पार हनुवटीपर्यंत. पंतप्रधानांनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि काहीतरी पुटपुटले. दुभाष्यानं नंतर सांगितलं, "पाट आता तुम्हाला लागेल."

मागे उभ्या शालिकरामच्या तोंडचं पाणी पळालं. आणि अध्यक्ष असे खदखदून हसले की डोळ्यांतून पाणी आलं. शेवटी एकमेकांचे हात धरून दोघे उठले. तोच फोटो जगभर गेला.

टीव्हीवर एक तज्ज्ञ म्हणाले, हात आधी पुढे करून बेटांच्या छोट्या देशानं डाव साधला. दुसरे म्हणाले, ही आसनव्यवस्था सहा महिन्यांच्या मुत्सद्देगिरीचं फळ. शामलाबाईंना हसू आवरेना. शालिकराम मात्र मन लावून ऐकत होते. आपण एवढा विचार केला होता, हे त्यांनाही आत्ताच कळत होतं.

तीन आठवड्यांनी करारावर सह्या झाल्या. उन्हाळ्यात मासेमारीवरून दोघे पुन्हा भांडले, पण तोवर जहाजं सुरू झाली होती.

मग एक दिवस वेदिका मॅडमचा फोन आला. "काका, दिल्लीला याल? दोन मंत्री एकमेकांकडे बघत नाहीत."

"कुठल्या देशाचे?"

"आपलेच."

शालिकराम म्हणाले, "त्या दिवशी मौदा गावाले लग्न आहे, मॅडम."

"तारीख कुठं सांगितली मी अजून?"

"कोणतीही असू द्या," शालिकराम म्हणाले, आणि फोन ठेवून गाद्या मोजायला गेले.