दाराजवळचं टेबल

फुलाफुलांचा एक पडदा... मूळचा रंग कोणता होता हे सांगता येऊ नये इतका जुना, आणि बसल्यावर माणसाचा हात जिथे पोचतो नेमक्या त्या उंचीवर हळदीच्या बोटांचा आडवा पट्टा. पेणच्या बाजारालगतच्या एका खानावळीत मागच्या अंगाला लाकडी फळ्यांचा कप्पा होता, त्यावर लाल अक्षरांत 'फॅमिली रूम' लिहिलेलं होतं, आणि माझ्या बालपणातली उत्तमोत्तम जेवणं मी त्या पडद्याआड जेवले. आत पंखाही होता, पण तो नुसता आवाज करायचा.

मला तिथे न्यायची ती माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. रोह्याच्या शाळेत ती भूगोल शिकवायची, लग्न केलेलं नव्हतं, आमच्याच घरी राहायची. आणि खाण्यावर तिचं किती प्रेम आहे याचा घरात कुणाला पत्ता नव्हता, कारण घरी ती नेहमी वाढणारी. सुरमईच्या मधल्या तुकड्या वडिलांना आणि आम्हा मुलांना, त्याखालची आईला, आणि शेपटी आत्याच्या पानात – "मला शेपटीच आवडते," असं ती इतक्या सहज म्हणायची की आम्ही सगळे ते खरं धरून चाललो होतो.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही दोघी एस.टी.ने नागोठण्यावरून पेणला जायचो. आधी बाजार, मग जेवण, हा तिचा ठरलेला क्रम. विकत थोडं घ्यायचं, हुंगायचं फार. मंडईच्या छपराखाली पाऊल टाकताच सुक्या बोंबलांचा, ओल्या गोणपाटाचा आणि कोथिंबिरीचा एकवटलेला गंध यायचा, आणि आत्याची चालच बदलायची – हातात खडू धरलेली बाई कुठेतरी मागे राहून जायची. थंडीत ती वालाची शेंग फोडून दाणा दाताखाली धरून बघायची, पावसाळ्याच्या तोंडाशी शेवळं या रानभाजीच्या जुड्या यायच्या, तेव्हा भाजीवाली तिला दटावायची, "काकडं घेतलीस ना गो? नायतर घसा खाजंल." त्या आंबट फळांवाचून शेवळांची खाज मोडत नाही, हे आत्याला जन्मापासून ठाऊक, तरी ती शहाण्या विद्यार्थिनीसारखी मान डोलवायची. शेवटी पापडवाल्या मावशींकडे पोह्याच्या पापडाची कच्ची लाटी मिळायची, तेलात बुडवलेली, खारट, चिवट... ती मी बोटं चाटत खायचे.

मग खानावळ. तिथे दाराजवळ एक टेबल होतं. त्यावरून सगळा रस्ता दिसायचा – टोपल्या, सायकली, गणपतीच्या कारखान्यातून मातीने पांढऱ्या झालेल्या हातांनी चहाला आलेले कारागीर. आत्या दर वेळी त्या टेबलापाशी थबकायची. "इथं बसलं तर चालेल?" आणि गल्ल्यावरचे मालक दर वेळी तितक्याच आदराने म्हणायचे, "बाई, आत बसा निवांत. पोर हाय संगती, फॅमिली हाय." आम्ही निमूट पडद्याआड जायचो. तिथे सुरमईची मधली तुकडी तिच्या ताटात पडायची. मग ती डोळे अर्धे मिटून, तांदळाच्या भाकरीचा घास कालवणात फिरवत जेवत राहायची, आणि मी पडद्याच्या फटीतून बाहेर बघत बसायचे.

मला वाटायचं, आत्या माझे लाड करते. खरी गोष्ट आईने फार वर्षांनी सांगितली. मी बरोबर नेण्याजोगी होण्याआधी आत्या एकदा तिथे एकटीच गेली होती. "मागनं कोण येतंय?" असं विचारून तिला आत बसवलं. मागून कुणी येईना, म्हणून ताटही येईना. अर्ध्या तासाने ती तशीच उठून घरी आली. पुढे माझं बोट धरल्यावरच तिला तिथे जेवण मिळू लागलं.

सातवीत गेल्यावर मला या सगळ्याचा कंटाळा येऊ लागला. एका शनिवारी मैत्रिणी अंगणात उभ्या होत्या आणि मी म्हणाले, "मी नाही येत. त्या खोलीत वास येतो." आत्या चप्पल घालत होती. "बरं," म्हणाली. त्या दिवशी ती लवकर परतली, पापडांचं पुडकं फळीवर ठेवलं आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच सकाळचा भात ताकात कालवून खाल्ला. मी बघत होते. भूक लागली असेल, एवढंच वाटलं... त्यानंतरही ती पेणला जायची, पण बाजारापुरती. आज हे लिहिताना मला लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती, हेही लिहायला हवं.

आता कामानिमित्त मीच गावोगाव फिरते आणि एकटी जेवते. गेल्या थंडीत पेणला उतरले. मंडईत तोच वास होता, भाजीवालीच्या जागी तिची सून बसली होती. खानावळीत पांढऱ्या फरशा आल्यात. लाकडी कप्पा गेला, तिथे हात धुवायचं बेसिन आहे. मी दाराजवळच्या टेबलावर बसले. शेजारी कंपनीतले दोघे शिफ्टच्या गप्पा मारत भाकरी मोडत होते. "सुरमई थाळी, एकच ना?" वेटरने विचारलं आणि उत्तराला न थांबता निघूनही गेला. कुणी मान वर करून पाहिलं नाही. तुकडी मधली होती, कालवण जरा अळणी. मी सगळं संपवलं आणि सावकाश सोलकढी मागवली.

संध्याकाळी रोह्याजवळ वरसेला आत्याकडे गेले. ती आता तिथे एका लहानशा फ्लॅटमध्ये राहते. डॉक्टरांनी मीठ, तेल, पापड सगळं बंद केलंय – दात होते तेव्हा चणे नव्हते, म्हणतात तसं. मी नेलेलं पापडांचं पुडकं तिने नुसतं नाकाशी धरलं. पेणला त्या खानावळीत जेवून आले, असं मी सांगितलं. आता ही कालवणाची चौकशी करणार, अशी माझी खात्री.

"कुठं बसलीस?" तिने विचारलं.

"दाराजवळ."

"एकटीच?"

"एकटीच."

"कुणी काय बोललं नाय?"

"नाही."

ती पुडक्याच्या दोऱ्याशी चाळा करू लागली. मला राहवेना. म्हटलं, "आत्या, उद्या गाडी करते. तुला घेऊन जाते. त्याच टेबलावर बसू."

आत्या हसली. पुडकं माझ्या हातात परत देत म्हणाली, "नको गो. दोघी गेलो तर परत फॅमिलीच झाली ना."