दुसरा पिंड

थोरला भाऊ ब्रह्मदेशात पडल्याची तार आली ते साल चव्वेचाळीस. मी तेव्हा सांगलीला शाळेत शिकवत होतो. कऱ्हाडजवळच्या आमच्या गावी पोहोचलो, तर आई रडत नव्हती. देह नाही, राख नाही, रडायचं तरी कशावर?

दहाव्याला कृष्णेकाठी पिंड ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर ओळीने बसले. ओरडले नाहीत, नुसते पाहत राहिले. वहिनीला सांभाळू म्हणालो, बैल विकणार नाही म्हणालो. चुलते म्हणाले, "मिल्ट्रीतला गडी त्यो. मटणाबिगर शिवायचा न्हाई." मटणही ठेवलं. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला.

आई म्हणाली, "गवताचा कावळा तुमच्यासाठनं. माझं लेकरू उपाशीच हाय."

मग ती रोज छपरावर भात ठेवू लागली. स्वतः कसंबसं एकवेळ खाई, तेही मी पुढ्यात बसलो तर. तिच्या मनगटातली काकणं कोपरापर्यंत सरकू लागली. कावळे रोज येत आणि पाहून उडून जात. त्या भाताला मुंगीसुद्धा लागत नसे. शिकलेला असूनही मी छपराकडे बघायचं टाळू लागलो.

उन्हाळ्यात भावाच्या पलटणीतला शेजारगावचा शिपाई रजेवर आला. "काकी, सांगायचं हाय. पर वरच्या पिंडीपाशी बसून सांगतो," म्हणाला.

गावामागच्या डोंगरात लेणी आहेत. एका लेण्यातल्या गोल दगडी घुमटाला गाव महादेवाची पिंड म्हणून बेल वाहतं. तो बौद्ध भिक्खूंचा स्तूप, हे मी वाचलं होतं, पण कधी कुणाला सांगितलं नव्हतं. शिपायाने वहाणा काढल्या आणि पूर्ण प्रदक्षिणा घातली.

"आरं, महादेवाला पुरी फेरी घालत न्हाईत!" आई दचकून म्हणाली.

"ह्यो बुद्धदेव हाय, काकी. तिकडं असल्या लय पिंडी बघितल्या."

असल्याच एका पिंडीपाशी, मठात, भाऊ जखमी होऊन पडला होता. शेजारच्या चटईवर एक जखमी जपानी पोरगा. म्हातारा भिक्खू एकाच वाडग्यातून दोघांना पाणी पाजत होता. भावाने तोंड फिरवलं. भिक्खू परत परत वाडगा घेऊन येत राहिला. शेवटी भाऊ प्याला. पहाटे तो पोरगा गेला.

"मी उशाशीच हुतो. तवा तुमचा ल्योक मला म्हणाला, ह्याला पाणी कोण देणार? घरला सांग, माझ्याशेजारी ह्यालाबी वाढा. आन् दुपारी त्योबी गेला."

आई ताडकन उठली. "माझ्या पोराच्या वैऱ्याला मी वाढू?"

लेण्यातून आवाज परत यायला जरा उशीर लागला. आला तेव्हा त्यात प्रश्न नव्हता. पुरुषी, दमलेला, अगदी हळू.

"वाढू."

शिपायाने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. आई कितीतरी वेळ त्या घुमटाकडे पाहत उभी होती.

दुसऱ्या दिवशी लेण्याच्या तोंडाशी तिने दोन पिंड ठेवले. एकच कावळा उतरला. भावाचा पिंड ओलांडून तो दुसऱ्याकडे गेला आणि त्यावर चोच मारली. माझ्या अंगावर काटा आला.

आई मात्र हसली. "पाव्हण्याच्या आधी कवा जेवलाय त्यो?"

मग कावळा वळला आणि भावाच्या पिंडाला शिवला. त्या दुपारी आईने भाकरी मागून घेतली.

आता आईही नाही. मी तिथेच तीन पिंड ठेवतो. कावळा आधी कुठे जाणार हे ठाऊक असतं, तरी तो उतरेपर्यंत मला लेण्याच्या अंधाराकडे पाठ करवत नाही.